छत्रीच्या खालची बाजू

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात छायाचित्रकाराचं एक पद असतं, हे आमच्या महाविद्यालयातल्याही पुष्कळांना माहीत नव्हतं. नवे डॉक्टर रुजू झाले की माझी खोली शोधत यायचे आणि पासपोर्ट साइजचे फोटो मागायचे. मी त्यांना गुलमंडीवरच्या एका स्टुडिओचा रस्ता दाखवायचो. माझं काम निराळं होतं. जखमा, गाठी, कातडीवरचे चट्टे, भाजलेले हात, शस्त्रक्रियेच्या आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा. उभ्या नोकरीत मी काढलेल्या फोटोंत हसणारं माणूस शोधून सापडणार नाही. मामेभावाच्या लग्नात एकदा हौसेने कॅमेरा हातात घेतला, तर फोटो बघून नवरीची आई म्हणाली, "पोरीच्या गालावरची चामखीळ एवढी कशाला दाखवली हो?" तेव्हापासून मला लग्नाला फक्त जेवायला बोलावतात.

"नोकरीतल्या गमतीजमती लिहा," असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं आहे. गमती आहेत. पण मला राहून राहून आठवतं ते कुत्र्याच्या छत्र्यांचं काम, आणि त्यातली गंमत शेवटपर्यंत टिकली नाही. तरी तेच लिहितो. दुसरं लिहायला बसलो की हेच मध्ये येतं.

पावसाळा लागला की रानातल्या छत्र्या खाऊन उलट्या-जुलाबांनी बेजार झालेले लोक आमच्या वॉर्डात यायचे. मेडिसिनच्या फारुकी मॅडम त्यांना बघायच्या. मॅडम शहराच्या जुन्या भागातल्या. बोलणं मराठीत सुरू करायच्या आणि राग आला की आपल्या हिंदीत शिरायच्या. एकदा एकाच घरातली तिघं माणसं आली. त्यांनी खाल्लेली भाजी डब्यात आणली होती, पण शिजलेल्या भाजीवरून छत्री कुठली हे कोण सांगणार? त्या घरच्या मुलीने मात्र तोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढला होता. मॅडम तो मोबाइल घेऊन तरातरा माझ्या खोलीत आल्या.

फोटो देखणा होता. पांढरी टोपी, तिच्यावर पावसाचे थेंब, मागे सगळं हिरवं धूसर. मॅडमना बघायचे होते टोपीखालचे पापुद्रे, देठावरची कडी आणि देठाचं बूड, कारण विषारी छत्री ओळखायच्या खुणा तिथं असतात. नेमका तेवढाच भाग पुसट होता.

"जाधव, हे साफ करून द्या," मॅडम म्हणाल्या. "नीचे का हिस्सा."

"मॅडम, हे पुसट झालेलं नाही. कॅमेऱ्याने ते धड पाहिलंच नाही. मी रंग वाढवीन, उजेड वाढवीन, पण जे फोटोत आलंच नाही ते कुठून आणू?"

"म्हणजे टोपी दिसली, और जिसमें जहर है वो नहीं दिसा. वाह!"

ती तिघंही बरी झाली. पण मॅडमच्या डोक्यात किडा शिरला. अशा छत्र्यांचे स्वच्छ फोटो काढायचे, त्यांचा मोठा तक्ता करायचा आणि डोंगराकडच्या गावांतल्या आरोग्य उपकेंद्रांत लावायचा. पुन्हा त्या गावांतून छत्री खाऊन कोणी आपल्या वॉर्डात येता कामा नये, एवढाच त्यांचा हेतू होता. वरून परवानगी मिळाली. मला तर आनंदच झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रोग्याला सोडून दुसऱ्या कशाचा तरी फोटो काढायचा होता.

इथं थोडं कामाबद्दल सांगायला हवं. लग्नातला ग्रुप फोटो आठवा. खुर्चीवरचे आजोबा आणि मागे बाकावर उभी असलेली पोरं, दोन्ही रांगा स्वच्छ येतात. पुढून मागपर्यंत जेवढं अंतर स्वच्छ येतं त्याला आम्ही डेप्थ म्हणतो. लांबून फोटो काढला तर ती डेप्थ भरपूर मिळते. पण बोटभर उंचीच्या छत्रीजवळ भिंग नेलं की ती पापडाएवढी पातळ होते. टोपीची पुढची कड धरली तर मागची जाते, टोपी धरली तर देठ जातो. त्या मुलीच्या मोबाइलने काही चूक केली नव्हती. जवळ गेल्यावर असंच होतं.

यावर इलाज तीन. पहिला फुकटचा आहे. छत्री अशी मांडायची की बघायचे ते सगळे भाग भिंगापासून सारख्या अंतरावर येतील. दुसरा इलाज भिंगाचं छिद्र बारीक करण्याचा. लांबची पाटी वाचताना आपण डोळे बारीक करतो, तसंच ते. पण छिद्र लहान केलं की उजेड कमी येतो, मग फोटोला वेळ लागतो आणि तेवढ्यात वाऱ्याने छत्री हलते. शिवाय फार बारीक केलं तर सगळाच फोटो मऊ, म्हणजे जरासा अस्पष्ट, पडतो. तिसरा इलाज चिकाटीचा. कॅमेरा केसाकेसाने पुढं सरकवत एकाच छत्रीचे ढीगभर फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्वच्छ तेवढा भाग घेऊन कॉम्प्युटरवर एक फोटो जुळवायचा. त्यात मध्येच मुंगी चालून गेली तर जुळवलेल्या फोटोत तीच मुंगी पाच ठिकाणी दिसते. असा एक फोटो मी मॅडमना दाखवला, तर त्या म्हणाल्या, "ही छत्री मुंग्यांना फार आवडते वाटतं." खरं सांगायला जिवावर आलं होतं.

श्रावणात मी खुलताबादच्या पुढं, डोंगराच्या उताराला असलेल्या एका वस्तीकडे जाऊ लागलो. जुन्या पँटचा एक पाय कापून, त्यात ज्वारी भरून दोन्ही तोंडं शिवून टाकली होती. ती पिशवी जमिनीवर ठेवायची, तिच्यावर कॅमेरा दाबून बसवायचा आणि आपण पोत्यावर पालथं पडायचं. टोपीच्या खाली उजेड पाडायला घरातलं स्टीलचं ताट न्यायचं. पहिल्याच दिवशी एका बांधावर, वारुळाशेजारी, असा पालथा पडलेलो असताना माझ्या तोंडासमोर एक काठी येऊन टेकली.

"काय खनता व हितं? धन हाय का?"

वर बघितलं तर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, माझ्याच वयाचा माणूस. त्या भागात जुन्या कबरी, पडकी बांधकामं पुष्कळ, त्यामुळे परका माणूस जमिनीशी झटताना दिसला की लोकांना गुप्तधनाचा संशय येतो. मी म्हणालो, "फोटो काढतोय, भाऊ."

"कशाचा?"

"या छत्रीचा."

त्याने वाकून छत्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. "कुत्र्याच्या छत्रीचा फोटू? लगीन ठरलं का काय तिचं?"

हा दगडूभाऊ. बांध त्याचाच होता. तेवढ्यावर आमची दोस्ती झाली. दोन पावसाळे मी त्याच्या बांधावर जात राहिलो. मी पालथा पडलो की तो छत्री धरून उभा राहायचा, पावसाची छत्री, आणि वाऱ्याच्या बाजूने तिरपी करायचा. मी श्वास रोखला की तोही रोखायचा. फोटो निघाला की म्हणायचा, "हसली का नाय?" घरून त्याची बायको कौसाबाई चहा पाठवायची. पाठवायची म्हणजे स्वतःच घेऊन यायची आणि दोघांना बोल लावायची. "दोन बाप्ये एका छत्रीपुढं आडवे पडलेत. बघनाऱ्यानं काय म्हनावं?"

पहिल्या पावसाळ्यात फक्त विषारी छत्र्यांचे फोटो जमले. त्या वस्तीच्या आसपास एकच जात जास्त होती. पांढरी, टोपीवर तपकिरी खवले, देठावर कडी, आणि पूर्ण उमलली की टोपीच्या खालचे पापुद्रे हिरवट होतात. मॅडमनी उपकेंद्रात बायकांची बैठक घेतली आणि कच्चा तक्ता दाखवला. सगळ्या मुकाट्याने बघत होत्या. कौसाबाई उठली.

"म्याडम, ही खाऊ नका, ती खाऊ नका, समदं खरं. पन आमी पावसाळ्यात छत्र्या खानारच. आमच्या आज्या-पंज्यांपासून खातोय. मग खावी कोनती त्येबी दाखवा की."

बायका हसल्या, माना डोलावल्या. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बात तो सही है." मलाही ते पटलं. आजही मला त्या प्रश्नात चूक दिसत नाही.

म्हणून दुसऱ्या पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणाऱ्या खाण्याच्या छत्रीचा फोटो काढला. तिची खूण म्हणजे तिचं मूळ. देठ जमिनीखाली निमुळता होत हातभर खोल, थेट वारुळात जातो. दगडूभाऊने कुदळीने नाही, खुरप्याच्या टोकाने माती उकरून ती मुळासकट अखंड काढून दिली. मी ती काळ्या कापडावर आडवी ठेवली, टोपी किंचित वळवली, म्हणजे खालचे पांढरेशुभ्र पापुद्रे आणि मुळाचं टोक एकाच पातळीत आलं. छिद्र मध्यम ठेवलं, केसाकेसाने सरकत फोटो काढले. घरी येऊन जुळवल्यावर मी कितीतरी वेळ पडद्यासमोर बसून होतो. मुळाला चिकटलेला मातीचा कण न् कण दिसत होता, पापुद्रे मोजता येत होते. नोकरीत मी काढलेला तो सर्वांत चांगला फोटो, असं तेव्हा वाटलं होतं. फोटो म्हणून बघितलं तर आजही तो तसाच आहे.

छपाईवाला म्हणाला, "साहेब, मागचं जरा ब्लर करू का? उठून दिसेल." मी त्याच्यावर असा ओरडलो की त्याने चहा मागवला. तक्ता छापून झाला. डावीकडे विषारी, उजवीकडे खाण्याची, खाली मॅडमचा मजकूर. उपकेंद्राच्या भिंतीवर तो लागला तेव्हा मी मुद्दाम गेलो. बायका एकेक करून मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेत होत्या. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या निवृत्तीची कागदपत्रं चालू होती. सकाळी मॅडमचा फोन आला. "जाधव, वॉर्डात या. कॅमेरा आणा."

कॉटवर दगडूभाऊ होता. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, हाताला सलाइन. पायाशी कौसाबाई बसलेली. तिलाही त्रास झाला होता, पण तिने त्याला वाढून उरलेलं खाल्लं होतं, म्हणून थोडक्यात सुटली होती. मला बघून दगडूभाऊने मान हलवली.

"साहेब, आज हुबे कामून? आडवं व्हा की."

मॅडमनी मला बाजूला नेलं. साखरेच्या आजाराने त्याच्या किडन्या आधीच अर्ध्यावर आल्या होत्या, आणि अंगातलं पाणी गेल्यावर त्या बंद पडत चालल्या होत्या. मग त्यांनी कौसाबाईने सोबत आणलेली पिशवी माझ्या हातात दिली. शिजवून उरलेल्या कच्च्या छत्र्या तिच्यात होत्या.

"तुम्ही तक्ता बघितला नव्हता का?" मी कौसाबाईला विचारलं. माझ्या आवाजात राग होता, आणि तो कशाचा होता ते मलाच माहीत.

"बगितला ना, भाऊ. मोबाइल घिऊन बसले, बोटांनी मोटा मोटा करून बगितला. वारुळाच्या बाजूलाच उगवली व्हती. उलटी करून पाह्यली, तर खालून पांढरी. तुमच्या फोटूतल्यावानीच पांढरी."

"आणि मूळ?"

"मूळ कुटं येतंय? खुडली की त्ये मातीतच ऱ्हातंय."

मी पिशवीतल्या छत्र्या माझ्या खोलीत नेल्या आणि टेबलावर उलट्या मांडल्या. त्या कोवळ्या असतानाच खुडल्या होत्या, नुकत्या उमलत होत्या. कोवळी असताना त्या विषारी छत्रीचे पापुद्रेही पांढरेच असतात. तक्त्यावरच्या मजकुरात मॅडमनी ते लिहिलं होतं. पण लिहिलेलं कोण वाचतं, फोटो बघतात. आणि फोटो मी पूर्ण उमललेल्या छत्रीचा घेतला होता, कारण तिच्यात सगळं नीट दिसतं. कोवळ्या कळीचा फोटो कोणता छायाचित्रकार काढतो? आता पिशवीत राहून राहून त्या टेबलावरच्या छत्र्या पिकल्या होत्या आणि खालून हिरव्या पडू लागल्या होत्या. मी दिवे लावले, पातळी जुळवली, छिद्र ठरवलं. हात सवयीने चालले होते. हिरवी झाक अगदी काठापासून देठापर्यंत स्वच्छ आली.

दगडूभाऊ त्यानंतर फार दिवस राहिला नाही. शेवटी तो बोलत नव्हता. मी रोज वॉर्डात जात होतो आणि कॅमेरा खोलीत ठेवून जात होतो. तो गेला त्या दिवशी मॅडम माझ्या खोलीत येऊन बसल्या. नेहमी उभ्यानेच बोलणारी बाई.

"जाधव, दिल पे मत लो. किडन्या आधीच गेल्या होत्या. ते लोक छत्र्या खातातच. आपण नसतो तरी खाल्ली असती."

"खाल्ली असती, मॅडम."

"मग?"

तक्ता उतरवला. मॅडमनी नवा करायला घेतला. त्यात खाण्याची छत्री नाही. विषारीच सगळ्या वयांत दाखवली आहे, मुठीएवढ्या बंद कळीपासून. निवृत्तीनंतर मी ते फोटो काढून दिले. ते चांगले आले आहेत, पण ते बघत बसावंसं मला वाटलं नाही.

नवा तक्ता छापून आल्यावर तो लावायला मीच गेलो. आधी कौसाबाईकडे जायला पाय उचलत नव्हता, पण ती उपकेंद्राच्या दारातच भेटली. तिने तक्ता भिंतीवर लागेपर्यंत वाट बघितली. मग जवळ जाऊन, एकेका फोटोवर बोट ठेवत सगळा बघितला.

"हिच्यात आमची खायाची नाय का?"

"नाही, कौसाबाई. रानातली कुठलीच खाऊ नका, असं आहे आता."

"बरं केलं." ती बाकावर बसली, मलाही बसायला सांगितलं. मी माफी मागायची म्हणून आलो होतो. वाक्य तयार होतं, पण तिनेच सुरुवात केली.

"पहिला फोटू लई साफ व्हता, भाऊ. तुमच्यावर माजा राग नाय. आमी येडेच. आदी कसं व्हतं, छत्र्या आनल्या की टोपलं घिऊन समद्या वस्तीत फिरायचो. म्हाताऱ्या बगायच्या, हुंगायच्या. एकीनं जरी नको म्हनलं, तर समदं टोपलं उकिरड्यावर. कोनी इचारत नव्हतं का म्हून. फोटू आल्यावर टोपलं कोन फिरवतंय? म्याच फिरवलं नाय. म्हनलं, आता काय कुनाला इचारायचं, समदं तर दिसतंय."

मी तिथून उठलो आणि काहीतरी निमित्त सांगून गाडीकडे आलो. माफी मागितलीच नाही. मागून तरी काय मागणार होतो?

दोन पावसाळे मी त्या माणसाच्या बांधावर पालथा पडून होतो. तो माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. किती छिद्र ठेवायचं, किती सरकायचं, वारा कधी थांबेल, याशिवाय दुसरं माझ्या डोक्यात नव्हतं. फोटो नव्हते तेव्हा तुम्ही कसं ठरवत होता, एवढंच त्याला एकदा विचारायला हवं होतं. हातातली छत्री न हलवता, हसत हसत त्याने सगळं सांगितलं असतं.